वर्णन: वापरलेली गोधडी, नग एक

बडोदे, ६ नोव्हेंबर २०२४

निरू,

धाकट्या बहिणीला लिहिताना सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षांनी तो हक्क मला उरला आहे का, हे ठरवता आलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझा ईमेल आणि ऑकलंडचा पत्ता नलिनीवहिनींकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस. दोनदा त्यांनी नाही म्हटलं होतं.

सोमवारी तुझ्या नावाने एक पार्सल टाकलं आहे. आईच्या साड्यांची गोधडी. जांभळी इरकल, नानांनी रिटायर झाल्यावर आणलेली मोरपंखी, आणि गौरींना नेसवायची त्या दोन. शिवून घेतली मांडवीतल्या एका बाईंकडून. एका बाजूची कड मात्र मी घातली आहे. शिवणाचा हात माझा कधीच नव्हता, त्यामुळे ती जाड झाली आहे. पार्सल आलं की ती कड जरा नीट बघ. उसवली तर उसवू दे.

लहरीपुऱ्याच्या कुरिअरवाल्याकडे काउंटरवर प्रेमलाबेन म्हणून बाई आहेत. त्यांनी विचारलं, "अंदर शुं छे?" मी म्हटलं, गोधडी. त्या हसल्या. "गोदडीमां बीजुं शुं होय, बेन? रू." कापसाशिवाय आत काय असणार, असं धरून त्यांनीच फॉर्मवर भरलं: वापरलेली गोधडी, नग एक, घरगुती वापर, भेट. मी सही केली.

जानेवारीत आई गेली तेव्हा तू आली नाहीस, त्याबद्दल हे पत्र नाही. उत्तराचीही अपेक्षा नाही. पार्सल आलं की सही करून घे, एवढंच.

वसुंधरा


११ नोव्हेंबर

निरू,

पार्सल ऑकलंडला पोचलं, पण तिथल्या कस्टम्सने थांबवलं आहे. पाठवणारी म्हणून मलाही नोटीस आली आणि तुलाही आली असणार. काळजीचं कारण नाही. आमच्या कंपनीचे वॉल्व्ह दर महिन्याला कुठे ना कुठे अडकतात, आणि मकरपुऱ्यात गेली एकोणीस वर्षं मी तेच कागद सोडवते आहे. वर्णन, किंमत, कोणी कोणाला पाठवलं. हे जुळलं की माल सुटतो.

त्यांना तुझ्याकडून एक कागद हवा आहे. पार्सलमध्ये काय आहे ते तू लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. वीस तारखेच्या आत. फॉर्मवर आहेत तेच शब्द लिही: वापरलेली गोधडी, नग एक. स्वतःचे शब्द घालू नकोस, दोन्ही कागदांतला मजकूर तंतोतंत जुळला पाहिजे.

तू बाकी काही करायचं नाहीस. दोन ओळी आणि सही.

वसुंधरा


१३ नोव्हेंबर, सकाळी

निरू,

सही करू नकोस.

केली नसशील तर करू नकोस, आणि केली असशील तर लगेच कळव, म्हणजे मी त्यांना लिहीन की ते मी सांगितलं होतं म्हणून लिहिलं गेलं.

परवाच्या पत्रात नोटिशीतली एक ओळ मी तुला सांगितली नाही. ती अशी आहे: स्कॅनमध्ये वर्णनाशी न जुळणारी धातूची लहान वस्तू दिसते. तुझ्या नोटिशीत ती ओळ आहे की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही. ज्याच्याकडून कबुली घ्यायची त्याला आधी उत्तर दाखवत नाहीत, हे मला माझ्या कामातून माहीत आहे. आणि तरीही मी तुला "वापरलेली गोधडी" लिहायला सांगितलं.

दोन रात्री हे मनाशी वेगवेगळ्या तऱ्हेने मांडून बघितलं. "तिला त्रास नको म्हणून" असंही लिहून बघितलं. ते खरं नाही. मला वाटलं, तू सही केलीस की पार्सल सुटेल आणि मला काही लिहावं लागणार नाही.

तुझं फार्मासिस्टचं लायसन्स आहे. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्यात "कुठल्या खोट्या निवेदनाची चौकशी?" असं विचारतात, हे तू एकदा आईला फोनवर सांगितलं होतंस. मी तेव्हा ऐकत होते. परवा लिहिताना मला ते आठवत होतं.

वसुंधरा


१३ नोव्हेंबर, संध्याकाळी

निरू,

तुझं उत्तर नाही म्हणून हेरंबरावांना मेल केला. नवऱ्यामार्फत निरोप पाठवलेला तुला आवडणार नाही हे माहीत असून केला. त्यांचं उत्तर आलं, जसंच्या तसं देते:

"वसुंधराताई, ती तुमचे मेल उघडत नाही. आलेले दिसतात, पण उघडत नाही. कस्टम्सचा कागद मी तिच्या टेबलावर ठेवला आहे. तो ती भरेल असं वाटतं, सरकारी कागद ती ठेवून देत नाही. तुमचं काही सांगू का?"

सांगा, म्हटलं. सही करू नकोस म्हणावं. त्यावर एवढंच आलं: "ती ड्यूटीवर गेली आहे. जाताना कागद घेऊन गेली."

म्हणजे माझी तिन्ही पत्रं तुझ्याकडे बंद पडली आहेत. सही कर सांगणारंही आणि करू नकोस सांगणारंही. नोटिशीसोबत पार्सलच्या लेबलची प्रत येते, त्यावर "गोधडी" छापलेलं आहे. ते बघून तू गोधडी लिहिशील. दुसरं काय लिहिशील?


१४ नोव्हेंबर

निरू,

आज कंपनीत गेले नाही. आता लिहिते. तू उघडणार नाहीस हे माहीत असल्यामुळे हात मोकळा चालतो आहे, आणि हाही एक दोषच.

कडेच्या शिवणीत आईची नथ आहे.

सप्टेंबरात नलिनीवहिनींनी गौरींचे मुखवटे मागितले. त्यांची नवी सून या वर्षी गौरी बसवणार होती. आपल्याकडे २०१२ नंतर गौरी बसल्याच नाहीत. आईला उठता येत नव्हतं, मी लग्न न केलेली, घरात दुसरी सवाष्ण नाही. ताटलीत सुपाऱ्या मांडून आम्ही भागवत होतो. मुखवट्यांची पेटी तेव्हापासून माळ्यावर होती. मी ती उतरवली. वरच्या मलमलीत थोरली गौर होती. खालच्यात धाकटी. तिच्या नाकात नथ.

मी स्टुलावरच बसून राहिले.

तुला आठवत असेल, त्या वर्षी विसर्जनाच्या संध्याकाळीच तुझं विमान होतं. अहमदाबादला निघायची घाई, रिक्षा दारात, आणि आई आतल्या खोलीत मुखवटे गुंडाळत होती. दरवर्षी ती नथ काढून डबीत ठेवायची. त्या वर्षी राहिली. तिसऱ्या दिवशी तिला झटका आला. पंधरा दिवसांनी तोंडातून एकेक शब्द फुटायला लागला तेव्हा मी विचारलं, आई, नथ डबीत नाही, कुठे आहे?

माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशी असं आहे: "आई म्हणाली, धाकटीला दिली."

हेच मी नानांना वाचून दाखवलं. हेच तुला फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालीस, बॅगा उघडून दाखवू का, आणि मी म्हटलं, मी माझ्या मनाचं बोलत नाही, लिहिलेलं वाचते आहे. तू म्हणालीस, "मग यापुढे वहीशीच बोल, ताई."

परवा ती वही पुन्हा काढली. निरू, आई एकच शब्द बोलली होती. "धाकटीला." त्या पंधरवड्यात ती दोन शब्द जोडून बोलूच शकत नव्हती. त्याच पानावर वर मी डॉक्टरांचं तसं वाक्य उतरवून घेतलं आहे. "दिली" हे क्रियापद माझं आहे. तिच्या मनात "घातली" होतं. नथ धाकटीला घातली. आपल्या घरात दोन धाकट्या होत्या, आणि मी विचारलं त्याचं तिने बरोबर उत्तर दिलं होतं.

मीच "दिली" का लिहिलं असेल, हेही शोधून बघितलं. नथ आजीपासून थोरलीची. माझं लग्न ठरेल तेव्हा ती मला मिळायची होती. ते ठरत नव्हतं, तुझं होऊन तू परदेशी गेली होतीस. मला आधीच वाटत होतं की ती तुलाच जाणार. आई एक शब्द बोलली आणि पुढचा माझ्याकडे तयार होता.

एवढ्यावर थांबले तर ते अजाणता घडलं असं होईल. तसं पूर्ण नाही.

दर भाद्रपदात आई माळ्याकडे बोट करायची. "धाकटीला उतरव." वहीत मी लिहायचे: आई आज पुन्हा निरूची आठवण काढत होती, तिला वाटतं ती वर राहते, भ्रम. सहा वर्षं हेच वाक्य आहे. २०१९ साली एका संध्याकाळी तिने पुन्हा म्हटलं, आणि मला एकदम समजलं. पूर्ण नाही, पण समजलं. मी उठून स्टूल आणलं. माळ्याखाली ठेवलं. मग त्यावर चढून तिथला गेलेला बल्ब बदलला आणि स्टूल परत ठेवून आले. त्या दिवशी वहीत फक्त "बल्ब बदलला" एवढं आहे.

नाना तोवर गेले होते. "नथ घेऊन ये, मगच ये," असं त्यांनी तुला सांगितलं होतं, आणि तू आली नाहीस. त्यांच्यासाठी नाही, आईसाठीही नाही. पेटी उघडली असती तर आईसाठी तरी आली असतीस. तेव्हा ती चार वर्षं होती अजून.

सप्टेंबरात नथ सापडल्यावरही मी कोणाला सांगितलं नाही. मुखवटे पुसून वहिनींना दिले. मग गोधडीची कल्पना सुचली. वाटलं, तुझ्या हाताला कड लागेल, तू उसवशील, नथ बघशील, तुला सगळं कळेल, आणि आपल्याला एकमेकींशी एक शब्दही बोलावा लागणार नाही. दागिना कुरिअरने पाठवता येत नाही हे मला माहीत होतं. फॉर्मवरच्या वर्णनाखालची शपथ मी रोज दुसऱ्यांकडून वाचून घेते. तरी सही केली. प्रेमलाबेन म्हणाल्या, "रू," आणि मी हसले.

व.


१६ नोव्हेंबर

निरू,

तू काय लिहून दिलंस ते अजून कळत नाही. कुरिअरच्या ऑफिसात तीनदा फोन केला. कागद मिळाला, एवढंच सांगतात. हेरंबराव म्हणतात, त्यांनी माझा निरोप दिला तेव्हा तू म्हणालीस, "कागद कालच गेला," आणि उठून आत गेलीस.

मी काल तिथल्या कस्टम्सना लिहिलं आहे की मजकूर चुकीचा आहे, तो मी दिला, घेणारीला आत काय आहे याची कल्पना नाही. पण तू आधीच "गोधडी" लिहून सही केली असशील तर माझं पत्र त्यांना कसं दिसेल, तेही कळतं. दोघी बहिणींनी मिळून केलं आणि पकडल्यावर एकीने अंगावर घेतलं. मी त्या खुर्चीत असते तर असंच वाचलं असतं.

कंपनीत गजेंद्रभाईंना सांगितलं. ते माझे साहेब, दहा वर्षं माझ्या सहीवर न बघता शिक्का मारणारे. ऐकून चष्मा काढला. "वसुंधराबेन, आखी कंपनीनां कागळियां तमे सुधारो, ने पोतानुं ज खोटुं लख्युं?" सगळ्या कंपनीचे कागद सुधारणारीने स्वतःचाच खोटा लिहिला, एवढंच विचारलं; रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, हे मिटेपर्यंत कस्टम्सच्या कागदांवर विश्वंभर सही करेल. विश्वंभरला मीच काम शिकवलं. तो दुपारी फाइल घेऊन आला आणि टेबलाशी उभा राहिला. "ताई, या रकान्यात काय लिहायचं?" असं माहीत असून विचारलं. मला बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी नलिनीवहिनींकडे गेले. नथ कुठे सापडली ते सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "वन्सं, आम्ही तिला सुभानच्या लग्नाला बोलावलं नाही हो." आणि म्हणाल्या, "ह्यांना तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं." चुलतदादा घरी आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती दिवस माहीत होतं? मी म्हटलं, सप्टेंबरपासून. घरी येता येता, कीर्तिस्तंभापाशी, लक्षात आलं की हेही खोटं बोलले. परत गेले आणि २०१९ सांगितलं.

व.


१९ नोव्हेंबर

निरू,

आज कुरिअरकडून तुझ्या कागदाची प्रत आली. पाठवणाऱ्याने पुढची माहिती द्यावी, असा शेरा मारून.

आधी खालची तारीख बघितली. तेरा. मग सही. तुझं इंग्रजी अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे झुकलेलं. मधला मजकूर मी सगळ्यात शेवटी वाचला. "पार्सलमध्ये काय आहे" या प्रश्नापुढे तू लिहिलं आहेस:

"मला माहीत नाही. लेबलवर गोधडी असं छापलं आहे, पण मी ती पाहिलेली नाही, म्हणून तसं लिहू शकत नाही. पाठवणारी माझी मोठी बहीण आहे. तिच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. तिला विचारा."

मी प्रत टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तुझं लायसन्स सुरक्षित आहे. तू एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाहीस. मी तुला जे करायला सांगितलं होतं ते न वाचता, आणि जे करू नकोस सांगितलं तेही न वाचता, तू बरोबर तेच केलंस जे बारा वर्षांपूर्वी वही उघडून मी करायला हवं होतं. जे पाहिलं नाही ते लिहिलं नाहीस.

शेवटची दोन वाक्यं टोमणा आहेत की भरवसा, हे मी दिवसभर ठरवते आहे. मला वाटतं तूही ठरवलं नसशील.

आता प्रश्न माझ्याकडे आला आहे. सोबत दोन पानी फॉर्म आहे, उद्यापर्यंत परत हवा. दंड होईल, तो मला होईल. नथ कदाचित ते ठेवूनही घेतील, तसा त्यांना अधिकार आहे. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे: या निवेदनाची प्रत घेणाऱ्यास पाठवली जाईल.

म्हणजे हा एक कागद तू उघडशील. हेरंबराव म्हणाले तेच, सरकारी कागद तू ठेवून देत नाहीस. माझी ही पत्रं तिथे बंद राहोत. जे सांगायचं ते फॉर्मच्या रकान्यांत बसवायला हवं. आज संध्याकाळपासून तेच करते आहे. तीन प्रती फाडल्या. कच्चा मजकूर इथे उतरवून ठेवते.

वस्तूचं वर्णन: सोन्याच्या तारेतली मोत्यांची नथ, जुनी, नग एक. गोधडीच्या डाव्या कडेत शिवलेली. शिवणारी मीच.

आधीच्या फॉर्ममध्ये का नमूद केली नाही: नमूद केली असती तर ती इतकी वर्षं कुठे होती हे घेणारीला सांगावं लागलं असतं. ती आमच्याच घरात होती. घेणारीने ती कधीही नेली नव्हती. नेली, असं मी लिहिलं आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. २०१९ पासून मला शंका होती. मी बघितलं नाही.

पाठवण्याचं कारण, यात तीन चौकोन आहेत: भेट, विक्री, परत. पहिल्या फॉर्मवर "भेट" होतं. ते खोडलं. "परत"वर खूण करणार होते, पण तिच्याकडून कधी घेतलीच नव्हती, तर परत कशी? तिन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि बाजूला लिहिलं, खालील रकाना पाहा.

खालचा रकाना असा आहे: वस्तू कोणाच्या मालकीची, आणि ती मालकी कशी आली?

इथे "धाकटी"ला इंग्रजी शब्द लिहून बघितला. इंग्रजीच्या एका शब्दात दोघी, गौर आणि तू, मावत नाहीत. म्हणून तो शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवला आहे. अधिकाऱ्याने विचारलं तर मी सांगेन, आणि तुला सांगावं लागणार नाही.

लिहिलं आहे ते असं: नथ आमच्या आईची. आईने ती धाकटीला, म्हणजे आमच्या घरच्या देवीला, घातली. आता थोरल्या मुलीने धाकटीला, म्हणजे घेणारीला, दिली.

त्याखाली शपथेची ओळ आहे, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. मी तो रकाना शब्दाशब्दाने पुन्हा तपासला. "घातली" आईचं आहे. "दिली" माझं आहे. सही केली.